अंगणातला मोठा कोळी : भिण्यासारखे काय, न भिण्यासारखे काय

पावसाळा सरत आला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची साफसफाई सुरू झाली की पत्र्याच्या कडेला, शेवग्याच्या फांदीला, संडासाच्या वाटेवर मोठमोठी गोल जाळी दिसू लागतात. मध्ये तळहाताएवढा कोळी. मुले ओरडतात, आपण केरसुणी उचलतो. "हा विषारी आहे का? अंगावर मुतला तर फोड येतात का?" असे प्रश्न आम्हाला हमखास विचारले जातात. आज त्यांची उत्तरे पाहू.

हा कोळी कोण?

आपल्याकडचा सर्वांत मोठा जाळेवाला कोळी म्हणजे 'जायंट वुड स्पायडर'. दिसते ती मादी. तिचे अंग ३ ते ५ सेंटिमीटर लांब, पाय काळे आणि लांबलचक. नर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. जाळे मीटरभर रुंद असते आणि उन्हात त्याचा धागा सोन्यासारखा पिवळा चमकतो. दुसरा कोळी लहान, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा. दोन-दोन पाय जोडून फुलीसारखा बसतो आणि जाळ्यावर पांढरी नागमोडी नक्षी काढतो.

पावसाळाभर किडे खाऊन हे कोळी वाढतात, म्हणून याच दिवसांत डोळ्यांत भरतात. त्यांची नजर अधू असते. जाळ्याच्या हादऱ्यावरून त्यांना शिकार कळते. ते माणसाच्या मागे लागत नाहीत आणि अंथरुणात शिरत नाहीत. घरातली धुळकट जळमटे वेगळ्या, बारीक कोळ्यांची असतात.

चावला तर?

विष असते, पण ते किड्यांना मारण्यापुरते. हातात दाबला गेला तरच तो चावतो. जागा दुखते, लाल होते, थोडी सुजते आणि बहुधा दिवसभरात उतरते. साबण-पाण्याने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. सूज पसरली, ताप आला किंवा दम लागला तर दवाखाना गाठा.

'कोळी मुतला' म्हणजे काय?

कोळी मुतल्याने फोड येत नाहीत. मग ते फोड कशाचे?

एक, नागीण. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड आणि आग. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर तिचा विषाणू नसांमध्ये दबून राहतो आणि अशक्तपणात, उतारवयात पुन्हा उठतो. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस मरतो, ही निव्वळ भीती आहे. मंत्र, गेरू यांत दिवस घालवू नका. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा गुण जास्त येतो. कपाळावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नजरेला धोका असतो.

दोन, केशरी-काळा बारीक किडा. पावसाळ्यात तो ट्यूबलाइटवर येतो. अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. त्याला मारू नका, फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

खरा धोका इथे आहे

जमिनीवर झोपणाऱ्या घरांनी हे नीट वाचावे. मण्यार साप रात्री चावतो तेव्हा दुखत नाही म्हटले तरी चालेल. खूणही धड दिसत नाही. "कोळी-बिळी चावला असेल" म्हणून माणूस पुन्हा झोपतो आणि वेळ निघून जाते. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होऊन मिटणे, बोबडी वळणे, गिळता न येणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालयात न्या. भगताकडे नको. जखम कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. रात्री मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचल्या तर साप आणि डास दोन्हींपासून बचाव होतो.

मग जाळ्याचे काय करायचे?

उंचावरचे, वाटेबाहेरचे जाळे राहू द्या. कोळी माश्या, पतंग, किडे खातो. मात्र डासांसाठी त्याच्यावर विसंबू नका. साठलेले पाणी आपणच काढायचे. जाळे वाटेत असेल तर लांब कोरड्या काठीवर कोळ्याला घ्या आणि झुडपावर सोडा. विनाकारण जीव घ्यायचा नाही, हे पहिले शील इथेही पाळता येते. जाळे विजेच्या तारेला चिकटले असेल तर हात लावू नका. लोखंडी सळई किंवा ओली काठी तर मुळीच नको.

जखमेवर जळमट लावायची जुनी रीतही सोडा. त्यात धूळ आणि जंतू असतात. स्वच्छ फडक्याने जखम दाबून धरा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरांना सांगा.

शेजारीपाजारी कुणाच्या अंगावर फोड उठले किंवा रात्री कुणाला काही चावले, तर "कोळी असेल" एवढ्यावर विषय सोडू नका. आधी लक्षणे पाहा आणि त्यांना दवाखान्यात पाठवा.