लेख हातात, नेटवर्क नसताना

मी तेरेखोलची. कॉलेजला यायचं तर आधी फेरीबोटीने केरी गाठायची. घरी नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. गेल्या वर्षी निबंधासाठी फीड रीडरमध्ये दहा लेख जमवले. घरी येऊन उघडते तर काय, प्रत्येकाच्या दोनच ओळी! निबंध अर्धवटच द्यावा लागला.

चूक कुठे झाली? आरएसएस फीडमध्ये पूर्ण लेख द्यायचा की नुसता सारांश, हे संकेतस्थळ ठरवतं. साधा रीडर मिळेल तेवढंच साठवतो. म्हणून मूळ पानावरून सगळा मजकूर आणून ठेवणारा रीडर निवडा. अँड्रॉइडवरच्या ‘फीडर’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दर फीडसाठी तशी सोय आहे. ती आपण सुरू करायची. पैसे भरून वाचायचे लेख मात्र असे मिळत नाहीत.

लेख उतरले की विमान मोड लावा आणि एखादा शेवटपर्यंत वाचून बघा. ही परीक्षा नेटवर्क असतानाच घ्यायची.

सेवा बंदही पडतात. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झालं. तेव्हा आपल्या फीडांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये काढून ठेवा.

यंदाच्या निबंधाचे लेख मी केरीच्या धक्क्यावर, बोटीची वाट बघत वाचले. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.