पावतीवर वेळ लिहून घ्या

बिलावर सात रकमा होत्या. भाडं, ऑक्सिजन, मॉनिटर, सोबतच्या डॉक्टरची फी, रात्रीचा जादा आकार, टोल आणि ‘थांबा’. बेरीज साडेअठरा हजार. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. मी दूध संस्थेत हिशेब लिहितो, त्यामुळे बेरजेआधी माझी नजर ओळींवर जाते. रुग्णवाहिकेला टोल माफ असतो, मग टोल कसला? आणि गाडी थांबली कुठे होती? पुण्याजवळ वाघोलीच्या गर्दीत. म्हणजे वाहतूक अडली त्याचेही पैसे पेशंटकडून.

पेशंट म्हणजे आमचे नाना, माझे धाकटे चुलते. आमच्या राळेगणसिद्धीत पिण्याचं पाणी, शाळा, रस्ते यांची ददात नाही, पण रात्री दीड वाजता छातीत कळ आली की वाडेगव्हाण फाट्यापर्यंत जाऊन महामार्ग गाठावा लागतो. तिथून डावीकडे नगर, उजवीकडे शिरूर आणि पुणे. आम्ही उजवीकडे वळलो. वाटेतल्या एका खासगी रुग्णालयात ईसीजी काढला, गोळ्या-इंजेक्शनं दिली, आणि अँजिओग्राफीची सोय इथं नाही, पुण्याला हलवा असं सांगितलं. गाडी त्यांनीच बोलावली. नाना वाचले, आता पहाटे पुन्हा शेतावर जातात. पण त्या रात्रीचे कागद मात्र पुढे कितीतरी महिने माझ्या टेबलावरून हलले नाहीत.

त्या कागदांनी मला एक गोष्ट शिकवली. बिलाचं आणि विम्याचं भांडण पुढे कधी होवो, त्याचा निकाल त्याच रात्री लागलेला असतो. कोणी काय लिहिलं आणि कोणी काय लिहिलं नाही, त्यावर. आमच्या गावाला हे नवीन नसावं. माहितीच्या अधिकाराची चळवळ अण्णा हजाऱ्यांनी इथूनच चालवली. राज्याचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. इथला शेंबडा पोरगाही ‘लेखी द्या’ म्हणायला शिकलेला आहे. पण माणूस स्ट्रेचरवर असताना लेखी मागायचं कुणाच्या लक्षात राहतं? म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला फोन १०८ ला. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे लागत नाहीत. सुरुवातीला राज्यभरासाठी ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ मध्येच अतिदक्षतेची साधनं. २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तर एका गाडीमागे साधारण एक लाख वीस हजार माणसं येतात. त्यामुळे गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली असू शकते, आमच्या वेळी तेच झालं. तरीही फोन करायचाच. त्या कॉलची नोंद राहते, आणि खासगी गाडी का घेतली याचं उत्तर नंतर आपल्या हातात असतं. बाळंतीण आणि तान्ह्या मुलासाठी १०२ आहे, तीही मोफत.

खासगी गाडी घ्यावीच लागली तर ड्रायव्हर म्हणतो, ‘‘पैशाचं नंतर बघू हो, आधी पेशंटला बघा.’’ बोलणं माणुसकीचं वाटतं, आणि पुष्कळदा असतंही. पण ‘नंतर’ म्हणजे पुण्यात, रुग्णालयाच्या दारात, स्ट्रेचर खाली उतरवायच्या आधी. तिथे घासाघीस होत नाही. म्हणून निघताना घरातल्या एकाने, पेशंटजवळ नसलेल्या एकाने, एवढं करावं: गाडीचा नंबर टिपायचा, गाडीचा आणि दरपत्रकाचा फोटो काढायचा, किलोमीटरचा आकडा टिपायचा आणि एकूण किती होतील ते मोबाइलवर मेसेजमध्ये मागून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडून हे दाजींनी केलं. ते एसटीत कंडक्टर होते, नंबर टिपल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

रुग्णवाहिकेला सरकारी दर असतात हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कोविडच्या साथीत लूट वाढली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ११ सप्टेंबर २०२० ला राज्यांना वाजवी दर ठरवायला सांगितलं. आपल्याकडे हे काम जिल्ह्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे येतं. दर गाडीच्या प्रकाराप्रमाणे, ठरावीक किलोमीटर किंवा तासांसाठी एक रक्कम आणि पुढे किलोमीटरमागे भाव, असे लावलेले असतात. आमची गाडी पुणे पासिंगची होती, म्हणून मी पुण्याच्या आरटीओ कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि मागणी एकच: अमुक तारखेला लागू असलेल्या रुग्णवाहिका दरपत्रकाची प्रत. ‘लूट थांबवा’ वगैरे त्यात काही लिहिलं नाही. अर्जात रागाला जागा नसते. प्रश्न सुटसुटीत असेल तर उत्तर टाळणं अवघड जातं. मुदत तीस दिवसांची, नाही आलं तर पहिलं अपील. दरपत्रक आल्यावर ते आणि दाजींचे फोटो गाडीमालकासमोर ठेवले. टोल आणि थांब्याची रक्कम त्याने परत केली, रात्रीचा आकार अर्धा केला. ऑक्सिजनवर तो अडून बसला आणि मीही ते सोडून दिलं. नानांना त्या ऑक्सिजनने तारलं होतं, त्यावर किती ताणायचं?

आता विमा. नानांची पॉलिसी होती ‘आरोग्य संजीवनी’. विमा नियामकाने १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना सारख्याच अटींवर विकायला लावलेली ही साधी पॉलिसी. तिच्यात रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेसाठी दर भरतीमागे जास्तीत जास्त दोन हजार रुपये आहेत. बिल साडेअठरा हजारांचं असो नाहीतर चाळीसचं, दोन हजारच. इथे कंपनीशी भांडण्यात अर्थ नव्हता, कारण तसं छापलेलंच आहे. खोलीचं भाडं विमा रकमेच्या दोन टक्के आणि जास्तीत जास्त पाच हजार, अतिदक्षता विभागाला पाच टक्के आणि जास्तीत जास्त दहा हजार, शिवाय मान्य रकमेतले पाच टक्के आपल्या खिशातून, हेही छापलेलं आहे. महागडी खोली घेतली तर फक्त खोलीचा फरक कापला जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात डॉक्टरची फी आणि शस्त्रक्रियेचा आकारही त्याच प्रमाणात छाटला जातो. एजंट हे सांगत नाही. त्याला विचारा.

एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवलं असेल तर मात्र छापलेल्या दोन हजारांवरही वाद होऊ शकतो. कंपनी विचारते, हलवायची गरज होती की नातेवाइकांची हौस? त्याचं उत्तर पहिल्या डॉक्टरच्या चिठ्ठीत हवं. आमच्या चिठ्ठीवर नुसतं ‘पुढील उपचारासाठी पाठवले’ एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी मी जाऊन ती नीट करून घेतली: काय झालं होतं, कोणती सोय तिथे नव्हती, किती वाजता पाठवलं, आणि सोबत ऑक्सिजन व डॉक्टर का लागला. डॉक्टरने कुरकुर न करता लिहून दिलं. त्याला कुणी मागितलंच नव्हतं, एवढंच. रुग्णवाहिकेच्या पावतीवरही पेशंटचं नाव, कुठून कुठे आणि निघाल्याची-पोहोचल्याची वेळ हवी. नुसती ‘रोख मिळाले’ची चिठोरी कंपनी बाजूला ठेवते.

खरं संकट पुढे होतं. कॅशलेस नाकारलं, आणि पैसे भरून मागितलेला दावाही नाकारला. कारण काय, तर रक्तदाबाचा आजार पॉलिसीच्या आधीपासून होता आणि तो दडवला. पॉलिसीला तिसरं वर्ष चालू होतं. पुरावा म्हणून त्यांनी पुण्याच्या रुग्णालयाचा भरतीचा कागद दाखवला. त्यावर निवासी डॉक्टरने पहाटे लिहिलं होतं, ‘रक्तदाब, पाच वर्षांपासून’. हे आलं कुठून? कॅज्युअल्टीत डॉक्टरने विचारलं, बीपीचा त्रास कधीपासून? आमच्यातलं कुणीतरी बोललं, ‘‘झाली असतील चार-पाच वर्षं.’’ कोण बोललं हे आजही कळलेलं नाही, आणि मी शोधलंही नाही. घाबरलेल्या माणसाच्या अंदाजाला तिथे वैद्यकीय इतिहास म्हणतात, आणि तो कागद न्यायाधीशासारखा बोलतो.

खरं तर नानांची बीपीची गोळी पॉलिसीनंतर सुरू झालेली. पारनेरच्या डॉक्टरकडे केसपेपर होता, पहिल्या गोळीची तारीख होती. ती प्रत घेतली. पुण्याच्या रुग्णालयाकडे सगळी कागदपत्रं लेखी मागितली. मागणी केल्यावर ७२ तासांत ती द्यावी असा डॉक्टरांच्या वर्तनाचा नियम आहे, आणि अर्जात नियमाचा उल्लेख असला की काउंटरवरचा आवाज खाली येतो. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून एक दाखला घेतला, की ‘पाच वर्षं’ ही नोंद नातेवाइकांच्या सांगण्यावरून आहे, त्यामागे कुठला जुना कागद नाही. तोच दाखला कामाला आला.

म्हणून भरतीच्या वेळी बोलणारा माणूस एकच ठेवा. माहीत असेल ते सांगा, काही लपवू नका, तो उपचाराचा भाग आहे. पण तारीख माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा, आणि काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. घरात गोळी खाणारं कुणी असेल तर पहिल्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

कंपनी फोनवर ‘क्लेम बसत नाही’ म्हणते तेवढ्यावर थांबायचं नाही. नकार लेखी हवा, त्यात पॉलिसीचं नेमकं कलम हवं. नियामकाच्या मे २०२४ च्या आदेशाप्रमाणे कंपनीच्या आढावा समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही. त्याच आदेशात कॅशलेसवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असं म्हटलेलं आहे. जुन्या आजाराची वाट पाहायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती दडवल्याचा मुद्दा काढता येत नाही. म्हणून हप्ता चुकवू नका. कांद्याला भाव नव्हता त्या वर्षी शेजाऱ्यांनी पॉलिसी सोडली, ती वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

नकारानंतर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’वर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. नगर जिल्ह्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील चालत नाही, पन्नास लाखांपर्यंतचा वाद ऐकतात, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालांचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो, आपल्याला नाही. तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. आयोगाची मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. आमचं तिथवर गेलं नाही. लोकपालांकडे पारनेरचा केसपेपर आणि डॉक्टरचा दाखला दाखल झाल्यावर सुनावणीच्या आधीच कंपनीने रुग्णालयाचा दावा मान्य केला, पाच टक्के वजा करून. रुग्णवाहिकेचे दोन हजारही आले. विमा कंपनी सरकारी असेल तर माहितीच्या अधिकारात दाव्याच्या फाइलवरचे शेरेसुद्धा मागता येतात. आमची खासगी होती, ते शस्त्र चाललं नाही.

इतक्या खटाटोपापेक्षा गाडी कुठे न्यायची ते आधी ठरलेलं असेल तर बरं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या शिधापत्रिकाधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, हृदयाच्या शस्त्रक्रियाही त्यात येतात. पण रुग्णालय योजनेत असलं पाहिजे. १५५३८८ वर विचारता येतं. ड्रायव्हरला मात्र विचारू नका. पुण्या-नगरची बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना तातडीच्या पेशंटकडून अनामत मागता येत नाही, आधी जीव स्थिर करायचा, आणि पुढे सरकारी रुग्णालयात हलवायची गरज पडली तर गाडीची व्यवस्थाही त्यांनीच करायची. हा शेवटचा मुद्दा कुठल्याच काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. रस्त्यावर अपघात झाला असेल, आणि आमच्या महामार्गावर ते रोजचं आहे, तर मे २०२५ पासून केंद्राची रोकडरहित योजना आहे: सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख. फोन ११२.

नानांची पॉलिसी या वर्षी पुन्हा भरली. अर्जात रक्तदाब, हृदयाचा झटका, बसवलेली स्टेंट, सगळं नानांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. एजंट म्हणाला, ‘‘एवढं कशाला, हप्ता वाढेल.’’ आमच्या घरातल्या आक्कांनी त्याला चहा दिला आणि भरलेल्या अर्जाच्या झेरॉक्सवर त्याची सही घेतली, तारखेसह.