तेल बदललंस? मग लिहून ठेव

बाळा, परवा मानकोली नाक्यावर तुझा नवा टेम्पो पाहिला. पुढे झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचा स्वस्तिक, नंबर प्लेट अजून चकचकीत. ऊर भरून आला. तुझी आई म्हणाली, "दादा, त्याला चार गोष्टी सांग, तुझं तो ऐकेल." म्हणून बसलोय.

मी 32 वर्षं भिवंडीत गाडी चालवली. आधी यंत्रमाग कारखान्यांतले ताके आणि सुताच्या गोण्या वाहिल्या, मग काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या शेतांत गोडाऊनं उभी राहिली तसा त्यांचा माल. एवढ्या वर्षांत सगळ्यात महाग पडलेला धडा इंजिन ऑइलचा आहे. ऑइल वेळेवर बदलणं हे अर्धं काम. बदललं असं दाखवणारा कागद जपणं हे उरलेलं अर्धं. माझं अर्धंच झालं होतं.

माझी तिसरी गाडी नवी कोरी होती. फुकटच्या सर्व्हिस वेळेवर करून घेतल्या. पुढे वर्कशॉपात दोन-दोन दिवस नंबर लागेना. दिवाळीच्या तोंडावर गाडी उभी ठेवली तर भाडी दुसऱ्याकडे जाणार, म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडे ऑइल बदललं, तेही दोनदा. डबा सीलबंद होता, माझ्यासमोर फोडला. फिल्टर नवा टाकला. रोख पैसे दिले, चहा घेतला, निघालो. एका वेळची चिठ्ठी होती, तिच्यावर 'ऑइल' आणि रक्कम, बाकी काही नाही. दुसऱ्या वेळची तीही नाही.

नाशिकहून येताना वडप्याच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन जाम. वॉरंटीचे सात महिने शिल्लक होते. वर्कशॉपात चेंबर उतरवला तर बेअरिंग घासून गेलेली. तपासायला आलेल्या माणसाने विचारलं, "शेवटचं ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दाखवा." दाखवायला काही नव्हतं. क्लेम नाकारला. लाखाच्या वर खर्च आला, तेवीस दिवस गाडी उभी राहिली आणि हप्ता काही थांबला नाही.

दोष इंजिनात मुळातच होता का, हे शोधायची वेळच आली नाही. कागद नव्हता, तिथेच विषय संपला. ते दुःख पैशापेक्षा मोठं होतं. आता एकेक कानमंत्र नीट ऐक.

पहिला: गाडीसोबत आलेलं पुस्तक वाच

शोरूमवाल्याने तोंडी काय सांगितलं ते विसर. वॉरंटीचं पुस्तक घे आणि चार गोष्टी शोध: ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, किती महिन्यांनी बदलायचं, कोणत्या ग्रेडचं भरायचं आणि काम कुठे करायचं. किलोमीटर आणि महिने यांच्यात 'जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. गाडी कमी पळाली तरी महिने भरले की ऑइल बदलायचंच. अधिकृत वर्कशॉपची अट असेल तर वॉरंटी संपेपर्यंत दुसरीकडे जाऊ नकोस. हजार किलोमीटर आधीच फोन करून तारीख घेऊन ठेव, म्हणजे माझ्यासारखी ऐन सणात अडचण होणार नाही.

दुसरा: मीटरवर विसंबू नकोस

आपल्या रस्त्याचं गणित वेगळं आहे. माजिवडा ते वडपे या साधारण 24 किलोमीटरच्या पट्ट्यात रुंदीकरणाने आणि खड्ड्यांनी किती तास खाल्ले, हे सगळ्या भिवंडीला माहीत आहे. ठाण्यात शिरायला अवजड गाड्यांच्या वेळा ठरलेल्या, त्यामुळे वेळ होईपर्यंत रांगेत थांबायचं. चाक फिरत नाही म्हणून मीटर हलत नाही, पण इंजिन चालू असतं आणि ऑइल तापत असतं, काळं पडत असतं. हिशेब करून बघ. ताशी 40 च्या सरासरीने 10,000 किलोमीटर म्हणजे इंजिनचे 250 तास. ताशी 20 ची सरासरी पडली तर तेवढ्याच किलोमीटरला 500 तास. ऑइलला दुप्पट काम. कंपन्या खडतर वापरासाठी ऑइल बदलायची मुदत अलीकडे आणतात, तो तक्ता पुस्तकात शोध. धूळ, सतत थांबणं, ओझं, हे सगळं त्यात येतं. आणि रांगेत थांबलास की इंजिन बंद कर.

तिसरा: डबा ओळख, मग फोड

1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6 च्या आल्या. डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी बसली, तिला डीपीएफ म्हणतात. जास्त राख सोडणारं जुन्या पद्धतीचं ऑइल भरलं तर ही जाळी हळूहळू तुंबते. डब्यावर 15डब्ल्यू-40 एवढंच बघून भागत नाही. तो फक्त पातळ-जाडपणाचा आकडा. त्याच्या शेजारी सीके-4 सारखी प्रतीची खूण असते, ती पुस्तकात दिलेल्या खुणेशी जुळली पाहिजे. 'यापेक्षा भारी आहे, टाकून बघ' असं कुणी म्हणालं तर हात जोड.

डब्याच्या सीलचा आणि बॅच नंबरचा मोबाइलवर फोटो काढ. ऑइल ओतून झालं की रिकाम्या डब्याला पेचकसाने भोक पाड. चांगला रिकामा डबा बाजारात जातो आणि भेसळीचं ऑइल भरून परत येतो. तो दुसऱ्या कुणाच्या इंजिनात जायला नको.

चौथा: पक्कं बिल घेतल्याशिवाय चावी फिरवू नकोस

बिलावर तुझं नाव, गाडीचा नंबर, तारीख, त्या दिवसाचं मीटर रीडिंग, ऑइलचं नाव, ग्रेड आणि लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर, दुकानाचा जीएसटी नंबर आणि सही-शिक्का हवा. आपल्या महाराष्ट्रातला जीएसटी नंबर 27 ने सुरू होतो. सगळ्यात जास्त राहून जातं ते मीटर रीडिंग. ते नसेल तर बिल वेळेवर केलेल्या कामाचं की उशिरा केलेल्या, हे कुणालाच सांगता येत नाही. वर्कशॉपात केलंस तर जॉब कार्डाची प्रत माग आणि सर्व्हिस बुकात शिक्का डोळ्यांसमोर मारून घे. 'सगळं कॉम्प्युटरवर आहे' म्हणाले तरी आपली प्रत आपल्याकडे.

आणखी एक. मशीनमधून निघणारी गुळगुळीत कागदाची पावती डॅशबोर्डवर टाकू नकोस. ती उष्णतेने उडते. मे महिन्यात काचेखाली ठेवलेल्या माझ्या तीन पावत्या पावसाळ्यापर्यंत कोऱ्या करकरीत झाल्या होत्या. त्याच दिवशी झेरॉक्स काढ.

पाचवा: वही ठेव, रोज सकाळी गेज बघ

दोन रुपयांचं पेन आणि एक जाड पुठ्ठ्याची वही. नोंद अशी करायची: '12 जून. 9,640 कि.मी. ऑइल साडेसात लिटर, फिल्टर नवा, ड्रेन नटाचा वायसर नवा. पुढचं 18,500 ला किंवा डिसेंबरच्या आधी.' खाली बिल नंबर. मधे अर्धा लिटर भरलं तर तेही तारखेसकट लिही.

सकाळी इंजिन सुरू करण्याआधी, गाडी सपाट जागेवर असताना गेज काढ. कारखान्यातली पांढरी चिंधी घे, गेज पुसून परत घाल, परत काढ. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. चिंधीवरचा डाग नीट बघ. दुधाळ दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय. बोटांवर पाण्यासारखं पातळ लागलं, डिझेलचा वास आला आणि पातळी वाढलेली दिसली, तर खूश होऊ नकोस. छोट्या फेऱ्या झाल्या की डीपीएफची काजळी पुरती जळत नाही, आणि काही गाड्यांत त्यासाठी सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल वाढलं म्हणजे ते पातळ झालं. वहीत लिही आणि त्याच आठवड्यात वर्कशॉप गाठ. अशी तक्रार वेळेवर, लेखी नोंदवलेली असली की पुढे 'तुम्ही सांगितलंच नाही' असं कुणी म्हणू शकत नाही.

सहावा: एक कागद, तीन जागा

मूळ बिल घरी फायलीत. झेरॉक्स गाडीत, आरसी आणि विम्याच्या कागदांसोबत. फोटो तुझ्या मोबाइलवर आणि तुझ्या आईच्याही मोबाइलवर. पावसाळ्यात भिवंडीतल्या सखल भागात पाणी शिरतं, म्हणून फाईल कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

सातवा: दिवा लागला की थांब

ऑइलचा लाल दिवा लागला की पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ म्हणायचं नाही. कडेला घे, इंजिन बंद कर. मीटरचा आणि दिव्याचा फोटो काढ, कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लाव, फोनची वेळ लिहून ठेव. रस्त्यावरच्या मिस्त्रीला इंजिन खोलू देऊ नकोस. वर्कशॉपात इंजिन उघडताना हजर राहा. जुनं ऑइल आणि फिल्टर टाकून देण्याआधी नमुना मागून घे, स्वच्छ बाटलीत भरून तारीख घाल. ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी होते. क्लेम नाकारला तर कारण लेखीच माग.

मग घाबरायचं नाही. धंद्याची गाडी म्हणजे ग्राहक नाही, असं सांगून तुला परत पाठवतील. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धरलेली आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 1995 च्या एका निकालात, स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहकच, असं समजावलं आहे. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदव, नाहीच ऐकलं तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं. पण आयोगही पुरावा मागतो. तिथे बोलणार आहेत तुझी बिलं.

माझा क्लेम नाकारला गेला त्याच महिन्यात मी एक वही घेतली. त्यानंतरच्या दोन्ही गाड्यांचं प्रत्येक ऑइल तिच्यात आहे. त्यातल्या दुसऱ्या गाडीचा टर्बो वॉरंटीत गेला तेव्हा मी वही आणि बिलं टेबलावर ठेवली. समोरच्याने पानं उलटली, रीडिंग जुळवली आणि काम मंजूर केलं. आवाज चढवावा लागला नाही.

तशीच एक कोरी वही तुझ्या आईकडे देऊन ठेवलीय. पहिल्या पानावर तुझ्या गाडीचा इंजिन नंबर, चासी नंबर आणि घेतल्याची तारीख मी लिहिलीय. दुसरं पान तू लिही, आज संध्याकाळी, गेज बघून.