जुन्या मोटारीचा सायलेन्सर

अँबॅसिडर मोटारीचा कारखाना २०१४ साली बंद झाला. पण एखाद्या गावात ती गाडी अजून चालते. एके दिवशी ती ट्रॅक्टरासारखी धडधडू लागते. सायलेन्सर फुटला असे समजावे.

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळताना पाण्याची वाफही होते. गाडी जवळच्या जवळ फिरवली, की वाफेचे आतच पाणी होते. पत्रा आतून गंजतो. वरून रंग छान, आत चाळण!

मिस्त्री म्हणेल, "सगळा नवाच टाका, मालक." थांबा. गाडी थंड होऊ द्या, मग खाली वाकून पाहा. काळी काजळी दिसेल तिथे भोक. नुसती नळी गेली असेल, तर तेवढाच तुकडा वेल्डिंगने जोडता येतो. भंगारातला सायलेन्सर स्वस्त पडतो खरा. जुना सोबत नेऊन तोंडाचे माप जुळवा, नि हलवून पाहा. आत खळखळले, तर घेऊ नका.

पैसे जमेपर्यंत मात्र गाडी उभीच ठेवा. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. तो खालून आत शिरतो. डोके दुखते, गुंगी येते. बसल्या जागी माणूस दगावतो.

काम झाले, की गाडी थंड असताना उघड्यावर चालू करा. मागच्या नळीच्या तोंडाशी जाड फडके क्षणभर धरा. मध्येच कुठे फुसफुस ऐकू आली, तर सांधा गळतो आहे. मिस्त्रीला पैसे देण्याआधीच तो नीट करून घ्या.