स्पॅनिश भाषकांना इंग्रजीतील भविष्यकाळ शिकवताना



स्पॅनिश मातृभाषा असलेल्यांना इंग्रजी शिकवणाऱ्याने भविष्यकाळाचा धडा ‘विल’च्या तक्त्यापासून सुरू करू नये, कारण ‘विल’ कसे लावावे हे या विद्यार्थ्यांना लवकर उमगते, ते कधी लावावे हे मात्र भल्याभल्यांना उमगत नाही.

स्पॅनिशमध्ये भविष्य सांगण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली प्रत्ययांची, म्हणजे ‘आब्लारे’ (बोलेन) यासारख्या रूपांची. दुसरी ‘जाणे’ या क्रियापदाच्या ‘बॉय आ’ यासारख्या रूपांची. लॅटिन अमेरिकेच्या बोलण्यात तिचाच वापर अधिक असून ती इंग्रजी ‘गोइंग टू’शी चांगली जुळते, फक्त नवशिक्या तिचे शब्दशः ‘आय गो टू ईट’ करतो. खरी अडचण तिसऱ्या वाटेवर, साध्या वर्तमानकाळावर येते. ‘मान्याना ते यामो’ म्हणजे सरळ ‘उद्या फोन करतो’. तेव्हा ‘आय कॉल यू टुमारो’ हे वाक्य विद्यार्थ्याला निर्दोष वाटते, आणि ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्याचे नवल वाटू नये. इंग्रजीत मात्र मुख्य वाक्यात साधा वर्तमानकाळ गाडी सहाला सुटते अशा ठरीव वेळापत्रकापुरताच भविष्य दाखवतो. वचन देताना किंवा त्याच क्षणी काही ठरवताना ‘विल’ लागते, आणि मदत देऊ करताना ‘शॅल आय हेल्प यू’ असे काही म्हणावे लागते, जिथे स्पॅनिश भाषक नुसते ‘ते आयुदो’ म्हणून मोकळा होतो.

‘विल’ गळण्यात कानाचाही दोष असतो. बोलण्यात ‘विल’चा केवळ एक ‘ल’ उरतो आणि तोही जीभ मागे ओढून उच्चारलेला, जाडसर; स्पॅनिशचा ‘ल’ सर्वत्र स्वच्छ असल्याने विद्यार्थ्याला तो ऐकूच येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते तोंडी येत नाही. म्हणून आधी ऐकण्याचा सराव द्यावा, नियम मागाहून सांगावेत.

‘जर’च्या वाक्यांवर वेळ घालवू नये, कारण तिथे दोन्ही भाषा वर्तमानकाळच वापरतात. ‘जेव्हा’ची गोष्ट निराळी: ‘क्वांदो येगे’मध्ये स्पॅनिश भाषक संशयार्थ घालतो, म्हणजे अजून न घडलेल्या क्रियेसाठीही वापरले जाणारे क्रियापदाचे खास रूप, ते इंग्रजीत सापडत नाही म्हणून तो ‘व्हेन आय विल अराइव्ह’ म्हणतो. उद्याच्या ठरलेल्या भेटीसाठी इंग्रजी जो चालू वर्तमानकाळ वापरते, तो स्पॅनिशमध्ये त्या अर्थाने चालत नाही, त्यामुळे विद्यार्थी तो टाळतो; हे टाळणे चूक म्हणून दिसत नाही, म्हणूनच शिक्षकाच्या नजरेतून निसटते. ‘सेरान लास ओचो’, म्हणजे ‘आठ वाजले असतील’, हा भविष्यरूपातला अंदाज मराठीसारखाच असला तरी इंग्रजीत त्यासाठी ‘मस्ट’ किंवा ‘प्रॉबब्ली’ शिकवणे बरे.

तेव्हा पहिल्या तासाला व्याकरणाचे पुस्तक मिटून ठेवावे आणि विद्यार्थ्यांना एकमेकांना फक्त वचने द्यायला आणि मदत देऊ करायला लावावे.