एका घरात दोन राउटर : नंबर देणारा मात्र एकच हवा



आजचा पाठ उसाचा नाही, पण ऊसवाल्याच्या घरातलाच आहे. बिल खात्यावर आले का ते पाहणे, सातबारा काढणे, पोरांचे प्रवेश अर्ज, सारे आता इंटरनेटवर आले. म्हणून हा विषय घेतला.

खडकपूर्णेच्या काठच्या एका सभासदाच्या घरचा प्रकार सांगतो. जुने धाब्याचे घर, भिंती दोन हात रुंद. राउटर पुढे बैठकीत आणि लेक अभ्यासाला मागच्या खोलीत. "भाऊ, मागं काहीच येऊन नाही राहिलं," अशी त्यांची तक्रार. कपाटात एक जुना राउटर पडून होता. तो त्यांनी केबलने पहिल्याला जोडला, तर पुढचेही बंद पडले! मोबाईलवर वायफायच्या रेघा पुऱ्या, पण इंटरनेट नाही. आणि लेकीच्या अर्जाची तीच शेवटची रात्र. आम्ही फोनवर सांगितले, "आधी दुसऱ्याची केबल काढा. पहिला बंद करून चालू करा. मोबाईलचं वायफाय पण एकदा बंद-चालू करा." अर्ज रात्री अकरानंतर कसाबसा भरला गेला.

असे का झाले? आपल्या केन यार्डात गाड्यांना नंबर देणारा कारकून एकच असतो. दोघे बसले आणि दोघांनीही एकपासून नंबर वाटले, तर काट्यावर गोंधळ होणारच. राउटरही घरातल्या प्रत्येक मोबाईलला असाच नंबर देतो. या कामाला डीएचसीपी म्हणतात. शिवाय राउटरचा स्वतःचाही नंबर असतो, बहुधा १९२.१६८.१.१. त्या घरात दोन्ही राउटरांचा नंबर हाच होता आणि दोघेही नंबर वाटत होते. तेव्हा दुसऱ्याने नंबर वाटू नयेत, फक्त लहरी पोचवाव्यात, एवढे साधले की काम झाले.

कृती अशी :

१) जुन्या राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणीने दहा सेकंद दाबून धरा. जुन्या नोंदी पुसल्या जातात. पहिल्याला तो अजून जोडू नका.

२) संगणक केबलने त्याच्या 'लॅन' खाचेत जोडा. ब्राउझरमध्ये राउटरच्या तळाशी छापलेला नंबर इंग्रजी आकड्यांत टाका. पान उघडेल. त्याचा पासवर्ड लगेच बदला.

३) वायफायला पहिल्याचेच नाव आणि तोच पासवर्ड द्या. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा त्यापुढची ठेवा. चॅनेल मात्र वेगळे : पहिला १ वर असेल तर दुसरा ६ किंवा ११ वर.

४) त्याचा स्वतःचा नंबर बदला. पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या. पहिला जे नंबर वाटतो त्यांत हा येत नाही ना, ते पाहून घ्या. यापुढे पान याच नंबरावर उघडेल. तो वहीत लिहून ठेवा.

५) शेवटी डीएचसीपी बंद करा आणि जतन करा.

६) आता पहिल्याच्या लॅन खाचेतून दुसऱ्याच्या लॅन खाचेत केबल घाला. वेगळ्या रंगाची 'वॅन' खाच रिकामीच राहू द्या. बहुतेकांची चूक इथेच होते.

राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर एवढा खटाटोप नको. तो निवडा आणि केबल कोणत्या खाचेत घालायची ते पुस्तिकेत पाहा.

दोन शब्द लहरींविषयी. पूर्वी साध्या रेडिओलाही टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना आहे आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ साली अधिक मोकळा झाला. ५ चा वेग जास्त, पण जाड भिंतीपुढे तो लवकर थकतो. आपल्या दगड-मातीच्या घरांना २.४ बरा. दुसरा राउटर भिंतीआड न ठेवता, लागणाऱ्या खोलीतच उंचावर ठेवा.

आणखी एक सावधगिरी. तांब्याची ही केबल १०० मीटरपर्यंत चालते म्हणून ती घरावरून गोठ्यापर्यंत उघडी ताणू नका. जवळपास वीज पडली तर दोन्ही राउटर जळतील आणि जिवालाही धोका. बाहेर न्यायचेच असेल तर काचतंतूची केबल जाणकाराकडून टाकून घ्यावी. लाईट गेल्यावर दोन्ही राउटरांना बॅटरी लागते, हेही ध्यानी ठेवा.

त्या सभासदाच्या मागच्या खोलीत आता पुऱ्या रेघा येतात. खर्च फक्त केबलचा झाला. आपणही करून पाहावे. पण अर्जाच्या शेवटच्या रात्री नव्हे, चार दिवस आधी. अडले तर गट कार्यालयात चिठ्ठी द्या, पुढच्या अंकात उत्तर देऊ.