शोधक्रमावरील हल्ला

एखाद्याची अब्रू घालवायची तर त्याची खोटी स्तुती भलत्याच ठिकाणी छापून आणावी, ही युक्ती जुनीच. संकेतस्थळांच्या जगात ती नव्याने अवतरली. १९९८ साली लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या 'पेजरँक' पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे जणू मत. साहजिकच मते विकत मिळू लागली. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' आणून अशा दुव्यांना शिक्षा सुरू केली, आणि गंमत अशी की, त्या शिक्षेचेच हत्यार झाले. प्रतिस्पर्ध्याकडे जुगाराच्या पानांवरून हजारो दुवे आपणच लावावेत, दंड त्याला!

त्यावर ऑक्टोबर २०१२ मध्ये दुवे नाकारण्याची सोय झाली. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन असे दुवे दंड करण्याऐवजी मोजतच नाही. मी सांभाळीत असलेल्या लहानशा संकेतस्थळाकडे असे दुवे आले, तेव्हा घाबरून मी नकाराची लांबलचक यादी केली. तीत दोन ग्रंथालयांचे खरे दुवेही होते! यादी पाठविली नाही, हे बरेच झाले.

माझ्या मते खरा धोका घरात शिरणाऱ्या चोराचा. जुन्या प्लगिनमधून शिरून तो आपल्याच पत्त्यावर जपानी मजकुराची ढीगभर पाने रचतो. ती पुष्कळदा मालकाला दिसत नाहीत, शोधयंत्राला मात्र दिसतात. शिवाय 'सर्च कन्सोल'मध्ये तो स्वतःला मालक म्हणून नोंदवूनही घेतो. म्हणून प्लगिन अद्ययावत ठेवून मी तेथील मालकांची नावे दर आठवड्याला वाचतो. मग गूगलमध्ये 'साइट', अपूर्णविराम आणि आमचा पत्ता टाकून अनोळखी पाने शोधतो.